बाईंची किल्ली

औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयात कुणी कुजबुजलं तरी ग्रंथपाल बाई टेबलावर किल्ली वाजवायच्या. मला त्या किल्लीचा लई राग यायचा.

सिल्लोडचे चाचा नजर गेली म्हणून कार्ड परत करायला आले, तेव्हा बाईंनी ते घेतलंच नाही. "मोबाइल आहे ना तुमच्याकडं?" एवढंच म्हणाल्या. मग जेवणाच्या सुट्टीत कपाटाआड बसून त्या कादंबरी मोठ्यानं वाचायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि चाचांना पाठवायच्या.

काल चाचांचा फोन आला आणि बाईंचं बोट चुकून स्पीकरवर पडलं.

"मॅडम, किताब संपली! पूरा मोहल्ला ऐकायला बसायलाय. आता दुसरी लावा!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं बाईंचा हात किल्लीकडं गेला. त्यांनी ती उचलली आणि आमच्या टाळ्यांसोबत टेबलावर ठेका धरला.