श्रावणची बिनधुराची शेगडी

श्रावणला देवाने हात दिले ते पत्रावळ पुढे ओढायला, आणि नाक दिलं ते कोणाच्या घरी काय शिजतंय हे कळायला. पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात धानाची रोवणी लागली की त्याची कंबर धरायची. पंगत बसली की तीच कंबर अशी मोकळी व्हायची, की गडी उठायचं नाव घेत नसे. पोळ्याला त्याचा बैल एखाद वेळी उपाशी राहिला असेल, तो नाही.

घर एकत्र. थोरला भाऊ सोमाजी शेत पाहायचा, वहिनी बुधरीबाई चूल पाहायची, आणि श्रावणचं सगळं दुखणं या चुलीपाशी होतं. गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, गळ टाकून त्याने मागूर मासा धरून आणला, की वहिनी तो घरभर वाटायची. आधी पोरं, मग म्हातारी सासू, मग बाकीचे. धरणाऱ्याच्या ताटात रस्सा आणि शेपटी. हा घोर अन्याय आहे असं श्रावण ज्याला त्याला सांगे. भावाने राबून पिकवलेला भात त्याच चुलीवरून वर्षभर त्याच्या ताटात येत होता, त्या वाटणीबद्दल मात्र त्याची काही तक्रार नव्हती.

शेवटी त्याने ठरवलं, आपली वेगळी शेगडी घ्यायची. पण त्या गावात घरं भिंतींवरून मोजत नाहीत, चुलींवरून मोजतात. एका आवारात दुसरी चूल पेटली की भाऊ वेगळे निघाले असं धरतात. आणि वेगळं निघालेल्याने भावकीला जेवू घातलं नाही, तोवर त्याची नवी चूल कोणी मोजतही नाही. श्रावणला वेगळं निघायचं नव्हतं. वेगळं निघालं की शेतात जावं लागतं, आणि चार लोकांना जेवू घालावं लागतं. दोन्ही गोष्टींचा त्याला जन्माचा तिटकारा. त्याला फक्त मागूर वेगळा हवा होता.

पोंभुर्ण्याला अयूबभाई पत्र्याच्या शेगड्या बनवतो. त्याच्या दुकानात श्रावण असा बसला, जसा पोरगी पाहायला आला. अयूबने आधी विचारलं, घरी माणसं किती. माणसं लय हायेत, पण शेगडी एकाचीच पाह्यजे, असं उत्तर आलं. अयूबने आतून माती लिंपलेली, जुन्या ड्रमची शेगडी काढली. लाकूड कमी खाते, भांडं हलत नाही. श्रावणने तिचा धूर विचारला आणि तोंड फिरवलं. मग नळीवाली काढली, धूर नळीतून वर जातो म्हणाला. वर गेला तर गावाला दिसेल, म्हणून तीही नापास. शेवटी खाली छोटा पंखा असलेली निघाली. बारीक ढलप्या टाकायच्या, धूर नावाला. श्रावणने ती पेटवायला लावली, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून डोळे बारीक करून पाहिलं. धानाचं बियाणं एवढं निरखून त्याने आयुष्यात घेतलं नव्हतं. धूर दिसेना. शेगडी पसंत पडली.

धुराचा बंदोबस्त झाला. वासाचा विचार करायला जी जागा लागते, ती त्याच्या डोक्यात रिकामी होती, पण वापरात नव्हती.

गोठ्यामागे ताडपत्री बांधून त्याने बायकोला, चंदाला, शेगडीपुढे बसवलं. मागूर तेलात पडला आणि आधी कुत्रं आलं, मग शेजारीण वाटी घेऊन मीठ मागायला आली, अन् मीठ न घेताच परतली. संध्याकाळी बोरिंगवर बातमी पक्की झाली: सोमाजी-श्रावण वेगळे निघाले. जो विचारेल त्याला श्रावण सांगे, ती चूल नाही, मशीन आहे. लोक मान डोलवत आणि पाठ वळताच हसत.

अशात गावातल्या सुनीलने गावदेवी मातामायचा नवस फेडायला बोकड कापायचं काढलं. गावाला चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे पंगतीला. घरोघर आवतन सांगत फिरणारा बुधू अंगणात आला आणि म्हणाला, "सोमाजीभाऊच्या चुलीले चूलबंद."

"आन मले?" श्रावणने विचारलं.

"तुमची चूल वेगरी झाली म्हन्ते गाव. आन भावकीले जेवन तं देल्लं नाई तुमी. आता कोन्या चुलीत धरू तुमाले?"

श्रावणच्या तोंडचं पाणी पळालं. बोकडाच्या नावाने आत्ताच सुटलेलं पाणी होतं ते. मशीन, पंखा, ढलप्या, सगळं त्याने पुन्हा सांगून पाहिलं. बुधूने बुधरीबाईकडे पाहिलं. चूल तिची, तेव्हा निवाडा तिचा.

"आमच्या चुलीवरचं जेवते, थो आमचा," ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "भाऊजी, काल काय जेवले तुमी?"

"भाजी," श्रावण म्हणाला.

"मागूर जेवले," चंदा म्हणाली. "मले निसतं डोस्कं देल्लं. मी इथीच जेवली."

सूप थांबलं. बुधरीबाईने बुधूला सांगितलं, चंदाले आमच्यात धर. श्रावणचं नाव तिने घेतलंच नाही.

नवसाच्या दिवशी घर ओस पडलं. म्हातारीलासुद्धा धरून नेलं. श्रावण शेगडीपाशी बसून राहिला. सकाळपासून बोडीवर गळ टाकूनही एक मासा लागला नव्हता, आणि मातामायच्या ठाण्याकडून मसाल्याचा वास येत होता. माणूस मानी असता तर भात शिजवून खाल्ला असता. श्रावणचा मान पोटाच्या बराच खाली होता. त्याने शेगडी उचलून डोक्यावर घेतली, भर गावातून चालत पंगतीपर्यंत आला आणि बुधरीबाईच्या पुढ्यात ठेवली.

"वहिनीबाई, तुमच्याचसाठी आनली होती. धुरानं डोरे जाते ना तुमचे."

पंगतीत हात थांबले. बुधरीबाईने एकदा शेगडीकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

"ठेवा तिथी. हात धुवा आन बसा."

मग जे हसणं उठलं, ते झाडावरची वानरं हलवून गेलं. सोमाजीने मान खाली घातली, चंदाने पदर तोंडाला लावला. श्रावणला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तो वाढणाऱ्याला हाताने दाखवत होता, की रस्सा राहू दे, खालून ढवळ.