कलमीच्या वड्यांची थाळी

अमरावतीहून कौशल्या तायडेने दोन गोष्टी आणल्या होत्या: बी. ए.ची पदवी आणि कलमीच्या वड्या. पदवीमुळे तिला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. वड्यांमुळे शेजार मिळाला.

वड्या तिला होस्टेलच्या मेट्रन माणिकबाईंनी शिकवल्या. मैदा, गूळ, तूप, कुटलेली कलमी म्हणजे दालचिनी, आणि एक अंडं. पातेल्यात वाळू तापवायची, तीत तूप लावलेली खोल थाळी ठेवायची, वरच्या झाकणावर निखारे पसरायचे. कडा लालसर झाल्या की मधला भाग ओलसर असतानाच उतरवायचं आणि गरम असतानाच सुरीनं वड्या पाडायच्या. बिस्किटासारख्या त्या मोडत नसत. दातांखाली लवचीक लागत.

सन बासष्टमध्ये ती, नवरा देवमन आणि सहा वर्षांची मैना त्या गल्लीत राहायला आले. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला सहा वर्षं झाली होती, पण गल्लीला त्यांची जुनी जातच ठाऊक होती. बायका बोलत छान, पाणी मात्र घेत नसत. मैनाला कोणी ओरडत नसे. ती अंगणात आली की बाकीच्या पोरींना घरातून हाक येई, एवढंच. कौशल्या खिडकीतून ते बघे आणि रात्री तिला झोप लागत नसे.

अपवाद शेजारच्या जमुनाभाभीचा. तिचा नवरा ओमप्रकाश किराणा दुकान चालवी. ती पहिल्याच आठवड्यात येऊन चहा प्याली आणि तिची मुलगी मैनाबरोबर सागरगोटे खेळू लागली. त्या आनंदात कौशल्यानं वड्या केल्या आणि आपलं नाव कोरलेल्या थाळीत घालून पुढे ठेवल्या.

जमुनाभाभीनं हात पुढे केला, पण थांबली. "बाई, यात अंडं-गिंडं तर नाही न? आमच्यात चालत नाही."

"नाही वो," कौशल्या म्हणाली.

विचार करायला वेळच मिळाला नाही. समोरचा हात मागे जाईल, या भीतीनं शब्द तोंडातून निसटला. जमुनाभाभीनं वडी खाल्ली, दुसरी घेतली, उरलेल्या थाळीसकट घरी नेल्या. कौशल्यानं अंड्याची टरफलं शेगडीच्या राखेत खोल पुरली.

दुसऱ्या दिवशी थाळी परत आली ती बोरं भरून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही त्या गल्लीतली रीत. बोरांबरोबर निरोपही आला.

"सासूबाईले लय आवडली वडी," जमुनाभाभी म्हणाली. "तोंडात दात नाहीत, चघळत बसल्या. एकादशी सोडली तुमच्या वडीवर."

ही सासू कौशल्या दारावरून गेली तरी पदर आवरून घेई. आता तीच विचारू लागली, 'मास्तरीणबाईच्या वड्या कधी होणार?' आणि कौशल्या करत राहिली. पदराखाली वाटी धरून ती मागच्या गल्लीत आयशाबीकडे अंडं आणायला जाई.

"बाई, फिर अंडा?" आयशाबी हसे. "बच्ची बीमार है क्या?"

"दवाच समजा," कौशल्या म्हणे.

देवमनला हे पटत नव्हतं. "सांगून टाक न तिले," तो म्हणाला. "नाहीतर बंद कर."

तिनं तिसराच मार्ग काढला. अंडं वगळलं, जागी दही घातलं. वड्यांचा भुगा झाला. जमुनाभाभी थाळी घेऊन आली, तिच्यात सासूनं दिलेला पेढा होता. "या खेपेले बिघडल्या वो. सासूबाई म्हणतात, पयल्यासारख्या करा. पौर्णिमेचा उपास त्यावरच सोडीन म्हणतात."

पौर्णिमेला सकाळी कौशल्यानं मैदा चाळला, गूळ किसला. अंडं हातात घेतलं. परातीच्या काठावर ते फोडायला हात उचलला आणि ती म्हातारी डोळ्यांसमोर आली, दिवसभर पाणीसुद्धा न घेता बसलेली. अंडं तिनं वाटीत परत ठेवलं आणि रिकामी थाळी घेऊन जमुनाभाभीकडे गेली. थाळी कशाला उचलली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

जमुनाभाभी पायरीवर तांदूळ निवडत होती. कौशल्या थाळी बाजूला ठेवून खालच्या पायरीवर टेकली.

"भाभी, पहिल्या वड्यांत अंडं होतं."

सुपातले हात थांबले. "कोणत्या पयल्या?"

"सगळ्याच. भुगा झाला त्या सोडून."

"मी इचारलं होतं न बाई तुमाले."

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आमच्याकडचं पुन्हा काही खाल्लं नसतं."

जमुनाभाभीनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "वडी नसती खाल्ली," ती म्हणाली. "चहा तर पीतच होती मी."

जी बाई गल्लीला न विचारता आपल्या घरात येऊन बसली, तिलाच कौशल्यानं गल्लीच्या मापानं मोजलं होतं. आणि जे तिला नावं ठेवत, त्यांच्या हाती आपण होऊन कारण दिलं होतं. ती उठली. थाळी पायरीवरच राहिली.

आठ दिवस थाळी आली नाही. मैना एकटीच सागरगोटे उडवत बसे. "आई, भाभीची पोर काहून येत नाही?" तिनं विचारलं. कौशल्या म्हणाली, "येईल." मग हेही खोटंच निघालं तर, असं तिच्या मनात आलं.

नवव्या दिवशी जमुनाभाभी आली. दारातच उभी राहिली. थाळी राखेनं घासून लख्ख केलेली होती आणि तिच्यात चिमूटभर साखर होती.

"रिकामी देता येत नाही न," ती म्हणाली.

"बसा न, भाभी."

"आज नाही." ती जायला वळली, मग थांबली. "सासूबाईले मी काही सांगितलं नाही. मास्तरीणबाईची कलमी संपली म्हटलं. रोज इचारतात, रोज तेच सांगते. आता ते खोटं माह्या गळ्यात पडलं बाई."

ती गेली. थोड्या वेळानं तिची मुलगी सागरगोटे घेऊन अंगणात आली; तिला कोणी हाक मारून परत बोलावलं नाही. कौशल्यानं खिडकीतून पाहिलं, पण भाभीच्या गळ्यात पडलेलं खोटं आठवून त्या दिवशी तिला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. थाळीतली साखर तिनं चहात घातली आणि भिंतीकडे तोंड करून तो प्याली.