बागेचा फलक आणि आईचं नाक

राजवाड्याच्या दगडी पायरीवर माझ्या आईनं नाक घासलं. नाकाच्या शेंड्याचं कातडं निघालं. कारण मी एक मोगरा हुंगला होता.

मी नऊ वर्षांची. संस्थान बुडालं होतं, पण आमच्या निपाणीकडच्या गावात सरकार, म्हणजे आमचे राजे, अजून राजवाड्यातच राहायचे. त्यांची बाग आम्ही बायापोरीच राखायचो आणि देवघराची फुलं तोडायचो, नाकावर फडकं बांधून. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही म्हणे. राणीसाहेब मात्र त्याच परडीतलं फूल नाकाला लावून अंबाड्यात खोवायच्या. फडकं फक्त आम्हाला.

त्या दिवशी मी फडकं खाली ओढलं आणि कारभाऱ्यानं बघितलं. सगळ्या परड्या उकिरड्यावर ओतल्या. आईला म्हणाला, "पोरीचं नाक लई चालतंय. तू घास."

राणीसाहेब वरून बघत होत्या. हसल्या.

आणि मी? मी मोठी शहाणी! मला आईचाच राग आला. दुसऱ्या दिवशी फडकं दुपदरी बांधलं, वर पोरींवर मुकादमी. "नाक झाक गं, द्वाडे!" कारभाऱ्यानं खूश होऊन पाठ थोपटली, तर चार दिवस मी पाठ धुतली नाही. मेली माकडीण! आठवलं की आजही माझीच मला किळस येते.

पुढं राजवाडा पाडला. जागा नगरपालिकेकडं गेली, बाग सगळ्यांची झाली. घसरगुंडी आली, म्हाताऱ्यांना बाकडी आली. आता तिथं बागेच्या इतिहासाचा फलक बसतोय.

त्यासाठी परवा कमिटीचे एक साहेब घरी आले. राजवाड्याच्याच गोतावळ्यातले. पिशवीतून साटनचं फडकं काढलं, इस्त्री केलेलं.

"आज्जी, जुन्या फूलवालीसारखं हे नाकावर बांधायचं आणि पाहुण्यांना परडी द्यायची. फोटो झकास येतोय बघा."

"फलकावर काय लिहिलंय?"

त्यांनी मोबाइलवरून कानडी मजकूर वाचून मराठीत सांगितला. सरकारांच्या चार पिढ्यांची नावं. त्यांनी बाग पोटच्या लेकरासारखी जोपासली म्हणे.

"त्यांच्या हातात खुरपं कुणी बघितलंय?"

साहेब गालात हसले. "आज्जी, हा मान आहे तुमचा."

मान! नऊ वर्षांच्या त्या माकडिणीलाही हेच वाटलं होतं.

"न्हाय बांधत," म्हटलं. "तानूबाई लिवा फलकावर. माझी आई. तिनं बाग राखली आन् तिला नाक घासायला लावलं, त्येबी लिवा."

"अहो, शुभकार्यात असलं कुठं लिहितात?"

नात चहा घेऊन आली होती. कॉलेजात जाते. म्हणाली, "बांध की गं आज्जी, फोटोच तर हाय."

मी साहेबांचं फडकं त्यांच्याच पिशवीत घातलं आणि नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. माझ्या मुकादमीसकट. साहेब चहा न पिताच उठले.

रविवारी उद्घाटन आहे. मला बोलावणं नाही आता. मी जाणार. पडदा सरकला की उठून आईचं नाव घेणार, आणि त्या पायरीवर काय झालं ते सांगणार. माइक देणार नाहीत, ठाऊक आहे. त्याच बागेत पेरूवरचे पोपट हाकलून माझा गळा तयार झालाय. पोलीस बाहेर काढतील, तर सोमवारी पुन्हा जाईन. फलक वाचायला थांबेल त्या प्रत्येकाला सांगेन. तानूबाईचं नाव त्याच्यावर कोरलं जाईपर्यंत.