सित्तनाने चोरलेले दोन महिने

मंगळवारी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. त्या दिवशी कूलरशेजारच्या बाकावर सित्तना दिसली नाही, तर नर्सच एकमेकींना विचारतात, बाई आजारी आहे की काय. ती दवाखान्याची नोकर नाही, तिला कोणी पगार देत नाही. तिचं काम एकच: नव्याने आलेल्या परदेशी बायकांना बाजूला घेऊन खरं बोलायला लावणं. या कामाचा तिला जेवढा तोरा आहे, तेवढा मोठ्या डॉक्टरलाही नसेल. आणि तो तिने कमावलाय, तोही स्वतः खोटं बोलून.

पस्तीस वर्षांपूर्वी ती नवऱ्यामागून सुदानहून ओमानमधल्या या डोंगराखालच्या गावात आली. नवरा बाबिकर इथल्या शाळेत गणित शिकवायचा. सित्तनाला दिवस गेले तेव्हा तिने आधी तोंडाला कुलूप लावलं. त्यापूर्वी सुदानात, ओमदुरमानला असताना दिवस गेले होते, तेव्हा आनंदाच्या भरात तिने गल्लीभर सांगितलं आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आईने बजावलं होतं, "पुढच्या खेपेला महिने चोरायचे, विचारलं की कमीच सांगायचे. नजरेला हिशेब लागू द्यायचा नाही." तिकडे बहुतेक बायका हेच करतात.

पाचव्या महिन्यात ती दवाखान्यात नाव घालायला गेली, तर टेबलाशी बसलेल्या झुवैना सिस्टरने सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटची पाळी कधी?" आणि शेजारीच उभी अवादिया. बाबिकर शाळेत, एकटीने जायची रीत नाही, म्हणून ही शेजारीण सोबतीला आलेली. अवादिया मनाने चांगली, पण तिने वाखाणलेल्या बकरीचं दूध आटलं होतं, हे गावातल्या सगळ्या सुदानी घरांना ठाऊक होतं. सित्तनाने खाली बघत दोन महिने पुढची तारीख सांगून टाकली. झुवैनाने ती कार्डावर लिहिली, आणि दवाखाना कार्डावर चालतो.

मग भोग सुरू झाले. सोनोग्राफी तेव्हा राजधानीतच व्हायची. इथे झुवैना पोटावर टेप धरायची आणि कपाळाला आठ्या घालायची.

"तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं पोट आहे का हे? साखर असणार तुला."

तीन वेळा सित्तनाने तपासणीचं ते गोडमिट्ट पाणी नाक दाबून प्यायलं. साखर काही निघाली नाही. तरी खजूर बंद, चहात साखर बंद. सुदानी बाईला बिनसाखरेचा चहा म्हणजे जन्मठेपच.

"अगं, मी शाळेत वजाबाकी शिकवतो," बाबिकर म्हणायचा, "आणि माझ्याच घरात नवातून दोन गेले तर किती, ते बोलायची चोरी."

"तुम्ही गप्प बसा हो. पोर हातात येऊ दे, मग करा बेरीज."

एका दुपारी कळा सुरू झाल्या. अवादियाच तिला घेऊन गेली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव, त्यामुळे बाबिकर फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिला. झुवैनाने कार्ड पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सातवाच चालू आहे. एवढ्या कोवळ्या पोराला काचेची पेटी लागते, ती आपल्याकडे नाही. राजधानीला न्यावं लागेल."

डॉक्टरही तेच म्हणाले. घाटातून साडेतीन तासांची वाट. बाहेर अॅम्ब्युलन्स सुरू झाली.

पोर घाटापर्यंत थांबणार नाही, हे सित्तनाला आतून कळत होतं. एका वाक्याचा प्रश्न होता. पण ते ऐकायला अवादिया उशाशी बसली होती, तिचा हात हातात घेऊन. नजरेची भीती होतीच, त्याहून मोठी होती लाज. जिने चार महिने उन्हातान्हात दवाखान्यात नेलं-आणलं, तिच्यापासूनच चोरी केली होती. स्ट्रेचर आलं. सित्तनाने खाटेची दांडी घट्ट धरली.

"सिस्टर, तारीख खोटी आहे. नऊ भरलेत. मी दोन महिने चोरले."

झुवैना थबकली. "कोणापासून?"

"हिच्यापासून," सित्तना भिंतीकडे बघत म्हणाली.

अवादियाने हात सोडला नाही. "मला काय माहीत नव्हतं होय? माझ्या कांद्याच्या फोडणीने तुला ओकारी आली, त्याच दिवशी मी महिने मोजायला लागले. आणि मी तरी कुठली साधी? थोरल्याच्या वेळी तीन चोरले होते मी."

"मग बाई, तू का नाही बोललीस?" झुवैना वैतागली.

"तिचे महिने, तिने सांगायचे. स्ट्रेचर दाराबाहेर गेलं असतं, तर बोलले असते."

झुवैनाने पुन्हा पोट चाचपलं, बाळाचं डोकं कुठे आहे ते पाहिलं आणि अॅम्ब्युलन्स बंद करायला सांगितली. मावळतीच्या बांगेआधी मुलगी झाली. साडेतीन किलोची.

"सातव्या महिन्याचं हे पोर चालत घरी जाईल," झुवैना म्हणाली, आणि कार्डावरची तारीख खोडून तिने खरी लिहिली.

पुढच्याच आठवड्यात झुवैनाने आपलं टेबल आतल्या खोलीत नेलं. तेव्हापासून तारीख विचारायची ती दार लावून, बाईला एकटीला. शेजारीण, नणंद, सासू, सगळ्या बाहेर. तरीही एखादी सुदानी किंवा इरिट्रियाची बाई तारखेला अडखळली, की सित्तनाला बोलावणं जायचं. ती बाईला कूलरपाशी नेऊन सांगायची, "शेजारणीशी खुशाल खोटं बोल गं, मीही बोलले. पण कार्डाशी नाही. मी घाटात बाळंत होता होता वाचलेय."

झुवैना निवृत्त झाली, डॉक्टर बदलले, सोनोग्राफी आली. नव्या नर्सना मात्र अजूनही पहिल्या दिवशी शिकवतात, आधी दार लावा, मग तारीख विचारा. सित्तना बाकावरून ते बंद होणारं दार बघते आणि शेजारी बसलेल्या बाईला सांगते, "ते दार माझं आहे." सांगताना तिची मान ताठ होते, आणि का होऊ नये?

आता त्याच मुलीला, रबाबला, दिवस गेलेत. तिच्या कार्डावर तारीख खरी आहे, सित्तनाने स्वतः पाहिलीय. परवा म्हाताऱ्या अवादियाने कुंपणावरून विचारलं, "कितवा गं लेकीला?"

"कुठला, आत्ताशी सातवा."

"बरं बरं," अवादिया म्हणाली, आणि घरात जाऊन तिने बाळंतिणीच्या पेजेसाठी मेथ्या भिजत घातल्या.