बाहेरून वाचायची पत्रं

कारकुनाच्या हाती काही साठत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे. पगार साठत नाही, हे कबूल. पण किस्से साठतात! कचेरीतल्या दप्तरांना निदान वाळवी तरी लागते, किश्शांना तीही लागत नाही. मी ठाण्याच्या तळ्याकाठी येऊन बसलो की ते एकामागून एक वर येतात. पूर्वी आम्ही तिघे होतो, म्हणजे सांगणारा एक आणि ऐकणारे दोन. आता ते दोघेही नाहीत. तेव्हा बसा जरा, ऐकायला पैसे पडत नाहीत.

तिघे म्हणजे तात्या, गोविंदराव आणि मी. तिघेही ठाण्याच्या कचेरीत नकला उतरवणारे कारकून, आणि टेंभीवर एकाच खोलीत राहणारे. तात्या वयाने वडील. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोविंदराव कल्याणचे. कल्याण तिथून असं कितीसं लांब, पण थोरल्या भावाशी अबोला धरून बसले होते, त्यामुळे त्यांना ते काशीइतकं लांब. आणि मी राजापूरकडचा. माझं घरचं माणूस गावी, आईपाशी. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण आम्ही एका छपराखाली राहिलो ते माझ्या रजेचे दिवस तेवढे. ठाण्यात दोन खोल्या घ्यायच्या आणि तिला आणायचं, एवढा एकच ध्यास मला होता.

त्यामुळे तिघांत सगळ्यात चिकट मी. पानाला चुना जास्त लागला तर तो पुसून दुसऱ्या पानाला लावणारा! एकदा तात्या म्हणाले, "महादेवा, लोक तुला चिक्कू म्हणतात ते चूक आहे. तू चिक्कू नाहीस, तू नवरा आहेस."

*

तर मौज फुकटात करायची, असा आमचा कायदा होता.

वर्तमानपत्र आम्हांला घरमालकांकडून मिळे. ते आधी मालक वाचत, मग त्यांचे मेहुणे, मग देवळातले पुजारी. आमच्याकडे येईतो त्याला महिना उलटलेला असे. वर तेलाचे डाग, कोपऱ्यात कुणाच्या तरी औषधाच्या पुडीपुरतं फाडलेलं. तात्या ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्याने वाचत आणि आम्ही आजच घडल्यासारखे त्यावर भांडत असू.

एकदा कळव्याला कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव असल्याची जाहिरात निघाली. खुर्च्या, आरसे, एक वाजणारी पेटी! घ्यायचं काहीच नव्हतं, पण बघायला काय जातं? तिघे धुतलेली उपरणी घालून खाडी ओलांडून चालत गेलो. बंगल्याला कुलूप. माळी म्हणाला, लिलाव होऊन महिना झाला, साहेब आता विलायतेलाही पोचला असेल.

परतीच्या वाटेवर गोविंदराव म्हणाले, "बरं झालं. असतं तर घ्यावंसं वाटलं असतं!"

*

जेवायला आम्ही काशीबाईंच्या खानावळीत जात असू. बाई मनाच्या मोठ्या, पण त्यांची आमटी पाण्याला अगदी जवळची. म्हणून तात्यांनी एक खेळ काढला होता. पानावर भात-आमटी आली की पाळीपाळीने एकाने आपल्या घरचा एक पदार्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी तोच समजून जेवायचं. मी सांगितलेली फणसाची सांदणं दोघांना फार आवडली. गोविंदरावांनी एकदा त्यांच्या वहिनीच्या हातची पुरणपोळी सांगितली. गूळ किती, जायफळ किती, वर तुपाची धार कशी, सगळं. सांगता सांगता ते मध्येच थांबले आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी काशीबाई भात वाढायला आल्या तर गोविंदराव पानावर हात आडवा धरून म्हणाले, "आज जरा बेताने. कालच्या पोळ्या अजून अंगावर आहेत!"

बाईंना वाटलं हे दुसऱ्या खानावळीत जेवून आले. चार दिवस त्यांनी आम्हांला ताक वाढलं नाही.

*

संध्याकाळी स्टेशनावर आगगाडी बघायला जाणं, ही आमची रोजची जत्रा. आम्ही दोघे नुसते बघत असू. गोविंदरावांचं तसं नाही. ते गाडीतल्या कुणातरी अनोळखी माणसाला निरोप देत. लाल पागोटं सावरून डब्याच्या खिडकीशी जात आणि म्हणत, "जपून जा हो! पोचल्यावर पत्र टाका!" माणूस गोंधळायचा, पण गाडी हलली की बहुतेक जण हात हलवायचेच. समोरून कुणी हात हलवला तर आपला हात आपोआप वर जातो.

मी एकदा विचारलं, "कशाला हे?"

"अरे, आपण कुणाला पोचवायला आलो असं वाटतं. परत जाताना पाय बरे उचलतात."

आणि एके दिवशी स्टेशनमास्तरांनी त्यांना हाक मारून एक कार्ड हातात दिलं! वर पत्ता होता: लाल पागोटेवाले गृहस्थ, ठाणे स्टेशन. मागे दोन ओळी: "सुखरूप पोचलो. काळजी नसावी."

गोविंदरावांनी ते कार्ड अख्ख्या कचेरीला दाखवलं. रात्रीचं जेवणसुद्धा त्यांना सुचेना. मग पदरचा पैसा मोडून कोरं कार्ड आणलं, दौत-लेखणी घेऊन उत्तर लिहायला बसले, "आपले पत्र पावले" इथवर लिहिलंही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की त्या भल्या माणसाने खाली नाव घातलं नव्हतं, गावही नाही.

ते अर्धं लिहिलेलं कार्ड पुष्कळ दिवस आमच्या कोनाड्यात होतं.

*

एकदा ठाण्यात नाटक मंडळी आली. तिघांची तिकिटं काढणं कायद्यात बसत नव्हतं. मग ठरलं, एकाने जायचं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना सगळं नाटक करून दाखवायचं. चिठ्ठी तात्यांची निघाली.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तात्यांनी जे नाटक केलं, तसं मी पुढे कधी पाहिलं नाही! राजा तात्या, राणी तात्या, घोडाही तात्याच. राणीला राक्षसाने पळवून नेलेलं. राजा रानोमाळ भटकतो, झाडांना विचारतो. शेवटी ती सापडते आणि दोघं पाटावर शेजारी शेजारी जेवायला बसतात, इथे पडदा. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

वर्षाने तीच मंडळी तेच नाटक घेऊन परत आली. कुणीतरी गोविंदरावांना फुकट पास दिला. ते बघून आले आणि माझ्या कानाशी लागले, "अहो, त्यात राणीच नाही! राक्षस नाही! दोन भावांच्या गादीचं भांडण आहे सगळं!"

म्हणजे तात्या पहिल्या प्रवेशालाच झोपले असणार. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. गोविंदराव एवढंच म्हणाले, "तात्यांचं चांगलं होतं."

*

आता माझा किस्सा. तिघांत हाच सगळ्यात गाजला, आणि तो मीच हसत हसत सांगायचो.

पत्राला तिकीट न लावता पेटीत टाकलं तर ते बेरंग होतं, आणि त्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करतात. पण घेणारा नको म्हणाला तर? मग त्याला काही पडत नाही! यावर मी एक युक्ती काढली. गावी सांगून ठेवलं की दर महिन्याला पाकिटात कोरा कागद घालून बेरंग टाकायचं. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच घालायचं नाही, म्हणजे परत कुणाकडे जायलाच नको. तिला लिहिता येत नव्हतं, तेव्हा पत्ता गावातले पंतोजी घालत. खूण मात्र तिची. पाकिटाच्या कोपऱ्यात हळदीचा एक ठिपका म्हणजे सगळं ठीक. दोन ठिपके म्हणजे कुणी आजारी. कुंकवाचं बोट म्हणजे निघून या.

आमचा टपालवाला रघू, कोपरीकडचा आगरी. तो पाकीट पुढे धरायचा. मी ठिपका बघायचो, पाकीट उलटंसुलटं करायचो, जरा नाकाशी धरायचो. हळदीला आमच्या स्वयंपाकघराचा वास येतो असं मला वाटायचं. मग म्हणायचो, "नको रे. परत कर."

"आजपन नको?" रघू म्हणायचा. "मंग सुंगतांव कशाला?"

आठ वर्षांत एकदाही मी पाकीट घेतलं नाही. तात्या म्हणत, "सरकारच्या टपालातून फुकट संसार करणारा हा एकटाच!"

त्या वर्षी फाल्गुनात एक पाकीट आलं. हळदीचा ठिपका एकच. पण पत्त्याचं अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेलीय. 'ठाणे' मधला 'ण' तर पार आडवा पडला होता. मी तिथेच ओरडलो, "तात्या, बघा, बघा! आमच्या पंतोजींनी भांग घेतलीय!" दोघे धावत आले. तिघेही पोट धरून हसलो. रघूसुद्धा हसला. मग मी पाकीट परत केलं.

पुढच्याच महिन्यात तळ्याच्या अंगाला मला दोन खोल्या मिळाल्या. गोविंदरावांनी स्वतः भिंतींना चुना दिला. तात्यांनी त्यांच्या बायकोचा जुना पाटा-वरवंटा पेटीखालून काढून आणून ठेवला. गावी मी काही कळवलं नाही. म्हटलं, एकदम जाऊन उभं राहू आणि घेऊनच येऊ. वैशाखात रजा काढून आगबोटीने गेलो.

आई अंथरुणावर होती. आठच दिवसांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडून तिचं कंबरडं मोडलं होतं. मला पाहिल्यावर ती रडली नाही, रागावली.

"आता आलास? तेव्हा ती येते म्हणत होती तर नको म्हणालास!"

"मी कधी नको म्हणालो?"

"पत्र परत आलं की! शेजारचे लोक मुंबईस निघाले होते. त्यांच्या सोबतीने येऊ का, असं विचारलं होतं तिने. मी तेव्हा हिंडतीफिरती होते, मीच हो म्हटलं होतं. सोबत पंधरा दिवस तुझ्या उत्तरासाठी थांबली. मग गेली निघून."

"पण... पंतोजींनी लिहिलं होतं ना ते?"

"पंतोजी माघातच गाव सोडून गेले. तिनेच लिहिलं. ते असल्यापासूनच, सहा महिने, चुलीपुढच्या राखेत तुझा पत्ता गिरवीत बसायची. त्यातूनच अक्षरं शिकली."

तिने आत आपलं नाव घातलं होतं. त्यामुळे मुंबईच्या टपाल कचेरीत कुणीतरी ते फोडून, वाचून, गावी परत धाडलं होतं, आणि आईने त्याचे दुप्पट पैसे भरले होते. माझ्या बायकोचं पहिलं पत्र मुंबईच्या कुणा कारकुनाने वाचलं. मी वाचलं नाही. हे आजही मला कुठे टोचतं ते सांगता येत नाही.

ती मागच्या पडवीत भांडी घाशीत होती. मी जवळ गेलो. "काय लिहिलं होतंस?"

तिने वर पाहिलं नाही. "काही नाही."

"कुठे आहे ते?"

"चुलीत घातलं." मग राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "बाहेर ठिपका होता ना? सगळं ठीकच होतं."

आईला तसं टाकून तिला नेणं शक्यच नव्हतं. रजा संपली, मी एकटा परत आलो. तात्यांना आणि गोविंदरावांना एवढंच सांगितलं की आई पडली. खोल्या सोडून दिल्या. पाटा-वरवंटा तात्यांच्या पेटीखाली परत गेला.

पावसाच्या तोंडावर रघूने दारातून हाक मारली, "महादेवराव, तुमचा आला! सुंगा आन द्या परत!"

हळदीचा एक ठिपका. पत्ता तिच्या हातचा. 'ण' आता सरळ उभा होता.

"घेतो," मी म्हणालो.

तात्यांच्या हातातला तंबाखू खाली सांडला. रघूने मला ताप आहे का म्हणून नीट पाहिलं. मी दुप्पट पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. तात्या, गोविंदराव आणि रघू तिघेही माझ्याभोवती उभे राहिले. मी पाकीट कडेने हळू फोडलं. आत चौघडी घातलेला कागद होता. उलगडला. उलटा केला. उजेडाकडे धरला.

कोरा होता. दोन्ही बाजूंनी.

गोविंदराव खो खो हसायला लागले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ठरल्याप्रमाणे वागतात हो आमच्या वहिनी! अशी काटकसरीची बायको नशिबाने मिळते!"