फेडल्याचे पेढे

बँकेत सोनेतारणाच्या खिडकीशी एक मावशी पेढे वाटत होत्या. गहाण ठेवलेल्या पाटल्या सोडवून त्यांनी तिथेच हातात चढवल्या होत्या.

"काय मावशी, नवीन गाडी?" शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाने पेढा घेत विचारलं.

"नाही रे, कर्ज फिटलं."

मी चमकलोच. कर्ज काढून आणलेल्या गाडीला आपण हार घालतो, गल्लीभर पेढे वाटतो. ते कर्ज फिटतं तेव्हा मात्र कुणाच्या हातावर चिमूटभर साखरही पडत नाही. पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, यात लपवण्यासारखं काय आहे?

"आता याच पाटल्यांवर दुप्पट कर्ज मिळेल," कारकून म्हणाला.

मावशींनी त्याच्या हातातला पेढा काढून पुन्हा खोक्यात ठेवला. "हा फेडल्याचा पेढा आहे. तुला पचायचा नाही."