चाळणीत राहिलेले शिंपले

वसमतच्या बाजारात कादरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मोबाईल आले, घड्याळं येईनाशी झाली आणि दुकान बसलं. तेव्हा कॉलेजातल्या विजयकुमार सरांनी त्याला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. सरांना त्याचे हात हवे होते.

गोदावरी समुद्राला मिळते तिथून पुढं, खोल पाण्यातून, जहाजानं एक लांब नळीभर गाळ काढलेला होता. वरचा गाळ अलीकडचा, तळाचा हजारो वर्षांपूर्वीचा. त्याचे एकेका सेंटिमीटरचे तुकडे करून पुड्या सरांकडे आल्या होत्या. पुडी बारीक चाळणीवर धुवायची, उरलेली रेती वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या ओल्या ब्रशानं त्यातले एकाच जातीचे शिंपले टिपायचे. शिंपले रव्याच्या कणाहून बारीक. कधीकाळी समुद्रात तरंगणारा एखादा जीव त्यात राहिलेला. त्या वेळचं पाणी किती ऊबदार होतं, नद्यांनी आणलेलं पावसाचं गोडं पाणी त्यात किती होतं, याची खूण शिंपल्याच्या चुन्यात राहून जाते. मोठ्या शहरातल्या यंत्रावर तो चुना तपासला की जुना पाऊस कळतो.

“आपली पूर्णा गोदावरीला मिळती. म्हंजे आमच्याच रानातली माती धुऊन राहिलो व्हय मी?” कादरनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“बराबर. फक्त लई उशिरा धुऊन राहिलात,” पुनम म्हणाली. पुनम जवळच्याच जवळा बाजार गावची. या गाळावरच तिची पीएचडी चालली होती. ती त्याला चाचा म्हणे.

एक नेम कडक होता. दोन पुड्यांच्या मध्ये चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत अडकलेले आधीच्या पुडीचे शिंपले निळे पडतात, मग ते पुढच्या पुडीत उतरले तरी ओळखून काढून टाकता येतात. बुडवणं, धुणं, वाळवणं यात पाऊण तास जाई. चार वर्षांत कादरनं ते कधी टाळलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको कनीज नांदेडच्या दवाखान्यात होती. यंत्राची तारीख ठरलेली, म्हणून कादर सकाळी कामावर येई आणि दुपारची एसटी धरी. शेवटच्या आठवड्यात रोज दोन पुड्या होत्या, आधी एक तळाची, मग एक वरची. पाच दिवस त्यानं चाळणी नुसती नळाखाली धरली. सहाव्या दिवशी कनीज गेली.

दोन महिन्यांनी आकडे आले. एकशे बारा ते एकशे सोळा सेंटिमीटरमध्ये आलेखाची रेघ एकदम उसळली होती. शेकडो वर्षं पाऊस आटला असावा, असा दुष्काळ पूर्वी कुणाला दिसला नव्हता. सरांनी पेढे वाटले. पुनमनं तो आलेख भिंतीवर लावला आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच लिहायला घेतलं. कादर आकड्यांकडे बघत उभा राहिला. निळं न करता धुतलेल्या वरच्या पाच पुड्यांचे हेच क्रमांक त्याला तोंडपाठ होते. तळाचा गाळ पृथ्वी गारठलेल्या काळातला होता, आणि गारठ्याची खूण आलेखात दुष्काळासारखीच उमटते. त्याचेच शिंपले वरच्या पुड्यांत मिसळले होते.

तो वीस दिवस गप्प राहिला. एकविसाव्या दिवशी पुनम एकटी असताना म्हणाला, “बेटी, एकशे बारा ते सोळा. तवा निळं न्हाई केलं मी.”

पुनमला आधी कळलंच नाही. “चाळणी धुतली तर होती ना?”

“नळाखाली. तेवढ्यानं निघत न्हाई, तुला ठाऊक हाय.”

“मग त्या पुड्या परत धुऊ.”

“माती उरली न्हाई त्यातली.”

ती खाली बसली. “आता काहून सांगून राहिले, चाचा? सांगायचंच व्हतं तर त्याच दिवशी सांगायचं.”

“त्या दिवशी मी कब्रस्तानात व्हतो. मग सरांनी पेढा हातावर ठेवला. जीभ उचलंना.”

सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “बाकीच्या दिवशी केलं होतं कशावरून?”

“केलं व्हतं, सर.”

“मी मानतो. पण लोकांना काय दाखवू?”

कादरजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. निळे सापडले की टाकून द्यायचे, हीच रीत होती. आणि दवाखान्याचे दिवस तर तीन महिने चालले होते. सरांनी त्या तीन महिन्यांतल्या सगळ्या पुड्या बाद केल्या, सत्तेचाळीस. पुनमची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती.

दुसऱ्या दिवशी कादर वेळेवर आला. पुनम त्याच्या सूक्ष्मदर्शकापुढं बसून नळीच्या दुसऱ्याच भागातली रेती टिपत होती. तिला सवय नव्हती, शिंपले ब्रशावरून निसटत होते. शिकवावं असं त्याला वाटलं. तो दारात बराच वेळ थांबला. ती वर बघेना, तेव्हा तो परत फिरला.